बसल्या जागेचे श्रम

सातपुड्याच्या पायथ्याशी, महाराष्ट्राची हद्द संपून मध्य प्रदेशाची जिथे सुरू होते त्या टोकाला वसलेले शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या कलमांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधण्यात इथल्या माणसांचा जो हातखंडा आहे, त्यावर कित्येक घरांची चूल पिढ्यान्‌पिढ्या पेटत आली आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी पुकारली गेली आणि पुणे, हैदराबाद, बंगळूर येथील कंपन्यांत नोकरीस असलेली या भागातील मुले-मुली लॅपटॉप काखोटीला मारून आपापल्या घरी परतली, तेव्हापासून मात्र या गावात आणखी एक व्यवसाय मुकाट्याने येऊन राहिला आहे, ज्याची नोंद ना तलाठ्याच्या दप्तरात आहे, ना नगर परिषदेच्या. त्यांतील बहुतेक जण पुढे परत गेले. काही राहिले, काही महिन्याकाठी दोन-चार दिवस कंपनीत हजेरी लावून येतात, आणि कलमांचे वाफे दिसतील अशा एखाद्या माडीवरच्या खोलीत बसून परदेशातील बँकांची, विमा कंपन्यांची आणि दुकानांची सॉफ्टवेअर लिहितात. मी त्यांच्यापैकीच एक. या कामात चित्त प्रसन्न कसे राखावे आणि काम उत्तम कसे व्हावे, याचा ऊहापोह आपल्याकडे सामान्यतः प्रोग्रामरच्या वैयक्तिक शिस्तीचा प्रश्न म्हणून होतो: त्याने पहाटे उठावे, कामांची यादी करावी, फोन दूर ठेवावा. या उपदेशात खोटे काही नाही. तथापि माझे म्हणणे असे की हा प्रश्न मुळात त्या एकट्याचा नाहीच. विचार करणे हेही श्रमच आहेत ही गोष्ट जोवर त्याचे घर आणि त्याची कंपनी हे दोन्ही पक्ष मनापासून मान्य करीत नाहीत, तोवर त्याची शिस्त त्याला फार दूर नेऊ शकत नाही.

हे श्रम बाहेरून का दिसत नाहीत, ते एका साध्या उदाहरणावरून ध्यानात येईल. हिशेबाच्या एखाद्या प्रणालीत महिनाअखेरची बेरीज चुकते. दर महिन्याला नव्हे, कधीतरीच, आणि तीही थोड्या रुपयांनी. प्रोग्रामर शोधू लागतो. ज्या यंत्रावर नोंदी साठतात त्याचे घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालते, आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे; म्हणजे १ तारखेला पहाटे साडेपाचच्या आत जर कोणी पैसे भरले, तर यंत्राच्या लेखी तो व्यवहार आदल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेस झालेला असतो. सांगायला हे एक वाक्य पुरले, पण ते गवसेपर्यंत त्या माणसाला वेळ कोणत्या तक्त्यात कोणत्या रूपाने साठवली आहे, ती वाचताना कोणता भाग तिचे रूपांतर करतो, अहवाल तयार करणारा दुसरा भाग तेच रूपांतर पुन्हा तर करीत नाही ना, आणि आपण इथे दुरुस्ती केली तर पूर्वी बरोबर असलेल्या कोणत्या बेरजा बिघडतील, या साऱ्या गोष्टी एकाच वेळी मनात उभ्या धराव्या लागतात. कागदावर त्या उतरवता येतात, पण त्यांचा परस्परसंबंध कागदावर येत नाही; तो मनातच सांभाळावा लागतो, आणि तो पुरता उभा राहायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. या अर्ध्या-पाऊण तासात एकही कळ दाबली गेलेली नसते. दारातून डोकावणाऱ्याला दिसतो तो भिंतीकडे पाहत बसलेला एक तरुण.

अशा वेळी खालून हाक येते, ‘बसूनच तं हायेस नं बाप्पा, वाफ्याले पाणी सोडून ये.’ या हाकेत दुष्टावा नाही, उलट हक्काची माया आहे, आणि पाणी सोडायला दहा मिनिटेच लागतात हेही खरे आहे. पण परत येऊन बसल्यावर त्या तरुणाला मनातली ती सगळी मांडणी पहिल्यापासून पुन्हा करावी लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या कामाची किंमत तासाभराची पडते, आणि दिवसातून अशा चार हाका आल्या की दिवस कोऱ्या पाटीने मावळतो. संध्याकाळी त्याला जी खिन्नता घेरते ती अतिश्रमाची नसते. श्रम केले पण त्यांतून काहीच उभे राहिले नाही, याची ती खिन्नता असते, आणि अतिश्रमाच्या थकव्याहून ती मला फार अधिक घातक वाटते. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या श्रम म्हणजे घाम, श्रम म्हणजे उन्हात वाकलेली पाठ, हीच ओळख रूढ आहे, त्या घरांना या मुलाचे श्रम दिसत नाहीत यात त्यांचा दोष तो काय? १९३२ साली डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली ती शेतकऱ्यांची मुले शिकावीत म्हणूनच. आणि संत्र्याचा एकेक हंगाम विकून मुलांच्या इंजिनिअरिंगची फी भरणाऱ्या इथल्या बापांनी तो हेतू आपल्या परीने पुरा केला आहे. मुलाला शिकवण्यात ते कमी पडले नाहीत. शिकून तो जे काम करतो ते कसे असते, हे मात्र त्यांना कोणी समजावून सांगितलेले नाही. ते सांगण्याची जबाबदारी आम्हा मुलांची होती.

घराची ही गत असेल, तर ज्या कंपन्यांचा सारा व्यवहारच या विचाराच्या श्रमांवर चालतो त्यांनी तरी ते ओळखायला हवे होते. पण माझा अनुभव असा की व्यत्ययाच्या बाबतीत कंपनी घराच्या चार पावले पुढे आहे. सकाळी कामाचा आढावा घेणारी मीटिंग, दुपारी त्या आढाव्याच्या तयारीची मीटिंग, मधल्या वेळात दर काही मिनिटांनी पडद्याच्या कोपऱ्यात उगवणारा संदेश, आणि नावापुढचा तो हिरवा ठिपका, जो जरा वेळ पिवळा झाला की माणूस जागेवर नाही असा निष्कर्ष निघतो. जुन्या कचेरीतल्या हजेरीपटाचेच हे नवे रूप आहे. फरक इतकाच की हजेरीपटावर सही केल्यानंतर कारकुनाला दिवसभर कोणी पुन्हा सही मागत नसे. आता ठिपका हिरवा राखण्यासाठी माणसे मधूनमधून माउस हलवीत राहतात, आणि ज्या मनाने कठीण प्रश्नात बुडून जायचे ते मन आपण दिसतो आहोत ना, याच विवंचनेत असते.

या व्यवसायातील जाणत्या माणसांनी याविषयी फार पूर्वी लिहून ठेवले आहे. आयबीएम कंपनीच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीचे काम पाहिलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मन्थ’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले की रेंगाळलेल्या सॉफ्टवेअरच्या कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रेंगाळते. कारण उघड आहे: नव्या माणसाला समजावून देण्यात जुन्याचा वेळ जातो, आणि माणसे वाढली की परस्परांशी बोलण्याच्या जोड्या त्याहून कितीतरी वेगाने वाढतात, पाच माणसांत अशा दहा जोड्या होतात, तर दहा माणसांत पंचेचाळीस. विहीर खणायला दुप्पट मजूर लावले तर ती लवकर होईल; पण एका माणसाने दोन तास सलग केलेला विचार चार माणसांना अर्धा-अर्धा तास वाटून देता येत नाही. पुढे १९८७ मध्ये टॉम डीमार्को आणि टिमथी लिस्टर यांनी ‘पीपलवेअर’ या पुस्तकात, निरनिराळ्या कंपन्यांतील प्रोग्रामरांना सारखेच काम देऊन घेतलेल्या स्पर्धांवरून, असे दाखवून दिले की उत्तम काम करणाऱ्यांची बसण्याची जागा अधिक शांत होती आणि त्यांच्या कामात व्यत्यय कमी येत असे. आणि संगणकशास्त्रातील ऋषितुल्य पुरुष डोनाल्ड क्नुथ यांनी तर १ जानेवारी १९९० पासून ई-मेल वापरणेच सोडले. टपालाने आलेली पत्रे साठवून ती सवडीने एकदम पाहावीत अशी त्यांची वहिवाट आहे. प्रत्येकाला हे शक्य नाही, नोकरदाराला तर नाहीच नाही. पण ज्याला शक्य होते त्याने काय निवडले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

या पार्श्वभूमीवर कामाच्या तासांचा जो वाद अलीकडे आपल्या देशात झडला तो मला विलक्षण खेदाचा वाटला. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे, रविवारीही काम करून घेण्याविषयीचे उद्गार गाजले. दोघांचेही कर्तृत्व मोठे आहे आणि देशाविषयीच्या त्यांच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. परंतु रविवारची सुट्टी ही या भूमीत कोणी फुकट दिलेली नाही. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली, गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, सह्यांचे अर्ज धाडले, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या त्या खटपटीअंती १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याने २०१७ साली कामाची जी मर्यादा घातली ती दिवसाला ९ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी होती. गिरणीत मागावर उभ्या असलेल्या माणसाच्या जास्तीच्या तासाला निदान जास्तीचे कापड तरी निघत असे. प्रोग्रामरच्या बाबतीत तेवढेही म्हणता येत नाही, कारण थकलेल्या मनाने रात्री अकरा वाजता लिहिलेल्या ओळी सकाळी दुरुस्त कराव्या लागतात आणि ती दुरुस्ती मूळ कामाहून महाग पडते. सत्तर तासांचा आग्रह धरणाऱ्यांना उत्पादन हवे असेल, तर त्यांनी तासांची भाषा सोडून त्या तासांत मनाला सलगपणा किती मिळतो हे पाहावे.

आणि हे पाहण्याची दृष्टी आमच्या गावाला परकी नाही. संत्र्याच्या झाडाला मोकळे सोडले तर ते वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलते. जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा तो आंबिया बहार, पावसाच्या तोंडाशी फुलणारा तो मृग. जाणता बागायतदार यांतला एकच धरतो. त्यासाठी तो बाग ताणावर सोडतो, म्हणजे पाणी तोडतो. पाने मलूल होतात, वाढ थांबते, आणि रस्त्याने जाणाऱ्या परगावच्या माणसाला वाटते की या बागेकडे धन्याचे लक्ष उरलेले नाही. वस्तुतः त्याच दिवसांत झाड फांद्यांतून अन्नाचा साठा करीत असते, आणि मग आधी हलके व पुढे भरपूर पाणी मिळताच त्याच साठ्यावर बहार फुटतो. ताण किती द्यावा हेही जमिनीवर ठरते; भारी काळ्या जमिनीला अधिक दिवस लागतात, हलक्या जमिनीला कमी, आणि प्रमाण चुकले तर झाडालाच इजा पोहोचते. लोभाने जो दोन्ही बहार घेऊ पाहतो त्याचे झाड खचते, फांद्या वाळत जातात, सल काढता काढता तो मेटाकुटीला येतो. गावातल्या ज्या बापाला ताणावरची बाग रिकामी बसलेली नाही हे पुरेपूर उमगते, त्याला भिंतीकडे पाहत बसलेला आपला मुलगाही रिकामा बसलेला नाही हे उमगायला एका संध्याकाळचे बोलणे पुरेसे आहे, असा माझा विश्वास आहे. मी माझ्या घरी ते बोलणे केले आणि त्यानंतर आमच्याकडे सकाळची हाक बंद झाली. कंपन्यांच्या व्यवस्थापकांना हीच गोष्ट पटवणे अधिक अवघड आहे, कारण त्यांनी बाग पाहिलेली नाही.

आता प्रसन्नतेविषयी. माझ्या समजुतीप्रमाणे प्रोग्रामरची प्रसन्नता आणि त्याची कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. हाती घेतलेले काम तडीस जाते आणि ते कोणाच्या तरी उपयोगी पडते, या प्रत्ययातून दोन्ही एकदमच जन्मतात. याचा सर्वांत उज्ज्वल दाखला आमच्या वऱ्हाडाचाच आहे. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा या खेड्यात जन्मलेल्या विजय भटकरांकडे १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेची धुरा आली ती अमेरिकेने हव्या त्या क्षमतेचा क्रे महासंगणक भारताला नाकारल्यानंतर. तीन वर्षांची मुदत, ठरलेली रक्कम, आणि एकच स्पष्ट उद्दिष्ट. १९९१ साली ‘परम ८०००’ उभा राहिला. एकच प्रचंड प्रक्रियक बनवण्याच्या खटाटोपात न पडता अनेक लहान प्रक्रियकांना एकमेकांशी जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेण्याची रचना त्या मंडळींनी पत्करली होती. त्यांनी कष्ट उपसले असतील यात शंका नाही. पण ते कष्ट कशासाठी आहेत, केव्हा संपायचे आहेत आणि संपल्यावर काय उभे राहणार आहे, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होते. आजच्या प्रोग्रामरच्या उदासीनतेचे मूळ शोधायचे तर या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी आहेत का, हे आधी विचारावे. पुष्कळदा नसतात. एखाद्या परदेशी विमा कंपनीच्या प्रणालीतील एका अर्जाच्या एका चौकटीवर तो वर्ष-वर्ष काम करतो, ती चौकट कोण भरतो हे त्याने कधी पाहिलेले नसते, आणि काम संपत आले की मुदत पुढे सरकते. अशा माणसाने स्वतःपुरता एक बंदोबस्त करावा असे मी सुचवीन: रोज एक छोटीशी गोष्ट, कितीही क्षुल्लक का असेना, पुरी करूनच उठावे, आणि आपण लिहिलेले कोण वापरतो याचा छडा लावावा. मला स्वतःला दुसऱ्या सूचनेचा अधिक लाभ झाला. वापरणाऱ्याचे एक पत्र वाचल्यावर महिनाभराचा कंटाळा ओसरतो.

वरूड-मोर्शीच्या या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणण्याची पद्धत आहे, आणि त्याची मुले आता खऱ्या कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर जागतात. तिकडे सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात रात्रीचे साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा. नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळे एक तास मागे जातात आणि नेमकी थंडी पडू लागते तेव्हा आमची मीटिंग तासभर उशिरा सरकते. शेतीपंपांना वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत असल्याने आठवड्यातील काही रात्री बापही बॅटरी घेऊन ओलिताला गेलेला असतो. एकाच घरातले दोन पुरुष, एक माडीवर हेडफोन लावून आणि एक बागेत चिखलात, एकाच वेळी जागे असतात, दोघेही दुसऱ्याच कोणाच्या सोयीने ठरलेल्या वेळेवर. आणि सकाळी दोघांनाही झोप हवी असते तेव्हा दारावरून ट्रॅक्टर जाऊ लागतात. दिवसा वीज ही शेतकऱ्यांची जुनी मागणी आहे आणि ती रास्त आहे. मुलानेही त्याच धर्तीवर मागणी करायला हवी, की रात्रीची पाळी आळीपाळीने सर्वांत वाटली जावी, तिच्या बदल्यात दुसऱ्या दिवशीची सकाळ मोकळी मिळावी, आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांनीही कधीतरी आपल्या रात्री जागाव्यात. झोपेवाचून विचार होत नाही, आणि विचाराचाच ज्याला पगार मिळतो त्याची झोप हा त्याच्या धन्याच्याही हिताचा मामला आहे.

या साऱ्या विवेचनात मी आतापर्यंत मुलगा, मुलगा असे म्हणत आलो, पण खरी कसोटी घरून काम करणाऱ्या सुनेची आहे. मुलाला निदान ‘तो कामात आहे’ असे पाहुण्यांना सांगितले जाते. सून मात्र घरी आहे म्हणजे मोकळीच आहे, असे गृहीत धरलेले असते. मीटिंग चालू असताना तिने कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, दोन मीटिंगांच्या मधे कणीक मळायची, पाहुणे आले तर कॅमेरा बंद करून चहा टाकायचा, आणि जे काम एकाग्रतेवाचून होतच नाही ते सारे निजल्यावर करायचे. आमच्या व्यवसायात स्त्रियांची प्रगती मधेच का खुंटते, याची कारणे शोधण्यासाठी कंपन्या परिसंवाद भरवतात. मला वाटते, त्यांतले एक कारण वऱ्हाडातल्या कोणत्याही स्वयंपाकघरात दुपारी बारा वाजता उभे राहिले तर दिसेल. तिची खोली, तिचे दार आणि ते दार लावण्याचा तिचा अधिकार या तीन गोष्टी घरातील वडीलधाऱ्यांनी जाहीरपणे मान्य केल्या पाहिजेत; नवऱ्याने एकांतात दिलेली संमती इथे उपयोगाची नाही.

शरीराचे म्हणाल तर मान, पाठ आणि डोळे हे आमच्या धंद्याचे ठरलेले बळी आहेत, आणि त्यावरचे उपाय सर्वांना पाठ आहेत. एवढेच म्हणतो, की ज्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि ज्या मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले, त्या जिल्ह्यातील तरुणाने व्यायामासाठी फोनमधल्या घंटेची वाट पाहावी, हे मला शोभत नाहीसे वाटते.

सांप्रत एका भीतीने या व्यवसायाला ग्रासले आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले, आणि कोड लिहून देणारी साधने आता प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आहेत. जुलै २०२५ मध्ये टीसीएससारख्या देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्या दिवसापासून गावातल्या घरांत जेवताना हाच विषय निघतो आणि ज्यांनी पुण्यात फ्लॅटचे हप्ते डोक्यावर घेतले आहेत त्यांचा घास अडखळतो. भीतीपोटी माणसे अधिक तास बसू लागली आहेत. हा मार्ग मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. यंत्र ओळी लिहून देते, आणि झपाट्याने देते. पण वर सांगितलेली ती साडेपाच तासांची चूक कोणत्या बेरजा बिघडवते, दुरुस्ती कुठे करणे उचित आणि कुठे अनुचित, आणि यंत्राने दिलेले उत्तर त्या विशिष्ट हिशेबाला लागू पडते की नाही, याचा निवाडा करणारे मन जागेवर असावेच लागते. ओळींची संख्या ज्याची मिळकत होती त्याची मिळकत गेली, हे कबूल केले पाहिजे. निवाडा ज्याची मिळकत आहे त्याने तो निवाडा शाबूत राखावा. म्हणजे अधिक वाचावे, ज्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो तो धंदा समजून घ्यावा, आणि थकलेल्या डोळ्यांनी यंत्राच्या उत्तरांवर सह्या करू नयेत. ज्यांची नोकरी गेली त्यांना मात्र हा उपदेश पुरणार नाही. त्यांना पुढची नोकरी मिळेपर्यंतचा आधार हवा, आणि त्याची तजवीज कंपन्यांनी व शासनाने मिळून करावी, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आमच्या गावाकडून काय व्हावे हेही सांगतो. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ साली झाला आणि त्यामुळे लहानसहान गावांतूनही वाचनालये उभी राहिली. अलीकडे स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी ठिकठिकाणी अभ्यासिकाही निघाल्या आहेत. तशीच एक खोली नगर परिषदेने घरून काम करणाऱ्यांसाठी राखावी: दहा-बारा टेबले, चांगल्या खुर्च्या, इंटरनेटची पक्की जोडणी, वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि मीटिंगमध्ये बोलण्यासाठी वेगळी लहान खोली, म्हणजे इतरांना उपद्रव होणार नाही. दरमहा शुल्क घ्यावे. आम्ही ते आनंदाने भरू. स्त्रियांसाठी त्यातील जागा राखून ठेवाव्यात. वीज दुरुस्तीसाठी केव्हा बंद राहणार याची पूर्वसूचना महावितरणने एक दिवस आधी द्यावी. ही मागणी मोठी नाही, आणि पुण्याच्या हिंजवडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर रोज ताटकळणाऱ्या आमच्या मित्रांपैकी काहींना ती गावी परत आणील.

नगर परिषदेचा ठराव व्हायला वेळ लागेल. पण सकाळी दहा ते बारा या दोन तासांत माडीवर कोणी हाक मारायची नाही, पाणी सोडायचे असेल तर दहाच्या आत किंवा बारानंतर सोडायचे, आणि सुनेच्या दाराला हाच नियम लागू राहील, एवढे आज रात्री जेवायला बसताना ठरवता येते. कंपनीतील व्यवस्थापकालाही त्याच दोन तासांतली आढाव्याची मीटिंग सोमवारपासून दुपारी नेता येते, आणि त्यासाठी त्याला वरिष्ठांच्या मंजुरीची गरज नाही.